कलमात नाव, बैठकीत जागा नाही

माळशेज घाट चढून वर आले की थोड्या अंतरावर मढ लागते. नगरकडे जाणारा रस्ता गावाजवळून जातो. उत्तरेला पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी पसरलेले असते, पाण्याच्या कडेने खिरेश्वराकडे वाट जाते आणि वर हरिश्चंद्रगडाची रांग आभाळ अडवून उभी असते. दक्षिणेचे डोंगर ओलांडले की जुन्नरचे खोरे सुरू होते. निमगिरी, हडसर, चावंड, नाणेघाटाच्या तोंडाशी जीवधन, आणि जुन्नर शहराच्या डोक्यावर शिवनेरी. पावसाळ्यात इथे मुंबई-पुण्याहून गाड्यांची रीघ लागते. धुके, धबधबे, भजी, फोटो. ज्या किल्ल्यांच्या पायथ्याशी ही गर्दी जमते, ते किल्ले एकदा एका तहाच्या कलमात अडकले होते, याचा उल्लेख क्वचितच कुणी करते.

शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘बादशाहनामा’त १६३६ साली मुघलांच्या हाती पडलेल्या किल्ल्यांची नावे दिली आहेत: जुन्नर, त्र्यंबक, त्रिंगलवाडी, हरिश, जूधन, हरसिरा. फारसी लेखणीने नावे थोडी वाकवली, पण ओळखायला अडचण नाही. जुन्नर म्हणजे शिवनेरी, हरिश म्हणजे हरिश्चंद्रगड, जूधन म्हणजे जीवधन, हरसिरा म्हणजे हडसर. सहापैकी चार किल्ले मढच्या पंचक्रोशीतले किंवा तिथून दोन दिवसांच्या पायपिटीतले. ते लढून जिंकलेले नव्हते. शहाजीराजे भोसल्यांनी ते माहुलीच्या वेढ्यात सोडून दिले, आणि तशी वेळ त्यांच्यावर ज्या तहाने आणली त्या तहाच्या बोलणीत त्यांना बसू दिलेले नव्हते. ती बोलणी कशी झाली आणि त्याआधी कोणाकोणाची पत कशी काढून घेतली गेली, हे सांगण्यासाठी हा लेख.

जुन्नरला एवढे मोल का, हे आधी सांगायला हवे. कोकणातून देशावर येणाऱ्या मालाच्या वाटा नाणेघाट आणि माळशेजने वर चढतात आणि जुन्नरच्या बाजारात येतात. कल्याणसारखे बंदर खाली, सुपीक खोरे वर, आणि दोन्हींच्या मध्ये किल्ल्यांची साखळी. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून फारकत घेतली ती इथूनच. अहमदनगर शहर त्याने नंतर वसवले. नगरचा किल्ला १६०० मध्ये मुघलांनी घेतला, तरी निजामशाही संपली नाही. मलिक अंबरने ती पुढे पाव शतक जगवली. १६२६ मध्ये अंबर वारला आणि घर खांब काढल्यासारखे हलले.

त्यानंतरच्या दहा वर्षांत दक्षिणेत जे घडले त्यात लढाया पुष्कळ आहेत. पण तवारिखा वाचताना मन थांबते ते पत्रांपाशी. कोण कोणाविषयी कोणाला काय लिहीत होता, त्यावर सैन्य कुठे वळणार हे ठरत होते.

पहिला घाव निजामशाहीने स्वतःच घातला. १६२९ च्या जुलैत दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवराव मुलानातवासह कापले गेले. लखुजी पूर्वी मुघलांकडे जाऊन आले होते. त्यांच्यावरचा संशय फिटला नव्हता, आणि त्या संशयावर दरबारात मुडदे पडले. शहाजीराजे लखुजींचे जावई. हे घडल्यावर निजामशाहीत राहण्यात अर्थ उरला नाही. १६३० च्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला शहाजीराजे मुघल मनसबदार झाले. शाहजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात तळ देऊन बसला होता. पाऊस नव्हता, दक्षिण आणि गुजरात दुष्काळाने होरपळत होते. त्या दुष्काळाचे लाहोरीने केलेले वर्णन आजही अंगावर काटा आणते. पिठात हाडांची भुकटी मिसळून विकली जात होती, असे तो लिहितो.

निजामशाहीची सूत्रे या वेळी मलिक अंबरच्या मुलाकडे, फत्तेखानाकडे आली. कैदेतून सुटलेला हा माणूस वजीर झाला, आणि त्याने धनी बुऱ्हाण निजामशहा यालाच कैद केले. यातला पुढचा भाग लाहोरी काहीही न लपवता सांगतो. फत्तेखानाने मुघल वजीर आसफखान याला कळवले की निजामशहा दुष्ट आहे, बादशहाचा वैरी आहे, म्हणून मी त्याला अडकवून ठेवले आहे. उत्तर आले की असल्या निकामी माणसापासून जगाची सुटका कर. फत्तेखानाने गुपचूप निजामशहाला संपवले, तो आजाराने गेला अशी आवई उठवली आणि दहा वर्षांच्या हुसेनला गादीवर बसवले. पुढे खुतबा आणि नाणे शाहजहानच्या नावाने सुरू झाले.

हे पत्र मला साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटते. धन्याला मारायचे होते म्हणून त्याला आधी ‘बादशहाचा वैरी’ ठरवावे लागले. मारणाऱ्याला बक्षीसही मिळाले. शाहजहानने फत्तेखानाला जे महाल दिले त्यांतले काही आधी शहाजीराजांना दिलेले होते. ते काढून फत्तेखानाच्या पदरात पडले, तेव्हा १६३२ मध्ये शहाजीराजांनी मुघलांची चाकरी सोडली. लाहोरीच्या लेखी ही नमकहरामी झाली. दिलेली जहागीर काढून घेणे ही कोणत्या नावाची गोष्ट, ते तो सांगत नाही.

आता शहाजीराजांनी जे केले त्याला दक्षिणेत तोड नाही. निजामशाहीच्या वंशातला मूर्तझा नावाचा एक अल्पवयीन मुलगा जीवधनवर कैदेत होता. त्यांनी त्याला बाहेर काढले, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर नेले आणि निजामशहा म्हणून त्याच्या नावाने कारभार सुरू केला. जुन्नरचा श्रीनिवासराव आपल्या बळावर तिथे राज्य करत होता. त्याच्याकडून जुन्नर आणि आसपासचे किल्ले त्यांनी ताब्यात घेतले. नाशिक-त्र्यंबकपासून भीमेपर्यंतचा डोंगराळ मुलूख पुन्हा एका नावाखाली आला. पोराला मांडीवर घेऊन शहाजीराजे तख्तावर बसत, ही आठवण लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. पेमगिरीवर आज फारसे बांधकाम उरलेले नाही. पण एका मराठा सरदाराने बादशहाच्या नाकासमोर राज्य चालवले, ते याच टेकडीवरून.

या खेळीतला राजकारणाचा भाग विसरून चालणार नाही. मूर्तझा हे शहाजीराजांचे उत्तर होते फत्तेखानाला. फत्तेखान धन्याचा खुनी, आम्ही वंशाचे रक्षक, असे त्या मुलाच्या मांडीवर असण्यातून न बोलता सांगितले जात होते. रयतेला आणि जुन्या निजामशाही सरदारांना ते पटले, म्हणूनच किल्लेदार त्यांच्याकडे आले. शहाजीराजे भाबडे नव्हते. त्यांनीही बाजू बदलल्या होत्या, आणि मुलाचे नाव पुढे करून सत्ता आपल्या हाती ठेवली होती. माझ्या दृष्टीने यात त्यांचा कमीपणा नाही. त्या दशकात दुसऱ्या कुणीही याहून स्वच्छ हाताने राज्य केलेले दिसत नाही, आणि त्यांच्या हातून निदान धन्याचा खून झालेला नव्हता.

एवढ्यावर मुघलांशी टक्कर घेणे शक्य नव्हते. पाठीशी विजापूर हवे होते, आणि विजापूर त्या वेळी आतून दुभंगलेले होते.

महंमद आदिलशहा १६२७ मध्ये गादीवर आला तेव्हा पोरवयाचा होता. सत्ता खवासखानाकडे होती, आणि खवासखानाचा उजवा हात म्हणजे मुरार जगदेव. हाच तो मुरारपंत, ज्याच्या सैन्याने १६३० मध्ये पुणे जाळले आणि गाढवाचा नांगर फिरवला. आणि ज्याने १६३३ मध्ये भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नागरगावी हत्तीच्या वजनाएवढे दान केले, म्हणून गावाचे नाव तुळापूर पडले. हत्ती नावेत चढवून पाण्याच्या खुणेवरून वजन काढण्याची युक्ती शहाजीराजांची, असे परंपरा सांगते. खवासखान आणि मुरारपंत मुघलांना दाद न देण्याच्या मताचे होते. शहाजीराजे टिकले तर मुघल आणि विजापूर यांच्या मध्ये एक कुंपण राहील, असा त्यांचा हिशोब होता. दरबारात दुसरा गट मुस्तफाखानाचा. मुघलांशी जमवून घ्यावे, पैसे द्यावेत, राज्य वाचवावे, असे त्याचे म्हणणे.

ही दोन मते होती तोवर ठीक. पण १६३१ मध्ये आसफखान विजापूरला वेढा घालून बसला आणि मतभेदाचे रूप पालटले. तटाबाहेर तहाची बोलणी सुरू झाली, पेशकशीचे, म्हणजे खंडणीचे, आकडे ठरू लागले. मुघल छावणीत धान्य संपत आले होते. खवासखान बोलणी लांबवत होता, कारण दिवस त्याच्या बाजूने जात होते. अशा वेळी मुस्तफाखानाच्या बाजूने एक चिठ्ठी मुघल छावणीत पोचली, असे लाहोरी नोंदवतो. तिचा मथितार्थ असा की खवासखानाच्या मनात तह करायचा नाही, तुमची रसद संपल्याचे त्याला ठाऊक आहे आणि तुम्ही उपाशी परत जावे म्हणून तो थांबला आहे.

शत्रू दाराशी असताना आपल्याच कारभाऱ्याचा डाव शत्रूला कळवणे, याला कोणत्याही भाषेत फितुरी म्हणतात. मुस्तफाखानाला ती वेगळी वाटली असावी. तहाचे श्रेय आपल्याकडे यावे आणि न झालेल्या तहाचे खापर खवासखानावर फुटावे, एवढेच त्याला दिसत होते. आसफखान उपासमारीमुळे वेढा उठवून गेला. खवासखानाने बाजी मारली आणि मुस्तफाखानाला पुढे बेळगावच्या किल्ल्यात अटकेत जावे लागले.

खवासखानाच्या हाती सूत्रे होती तोवर शहाजीराजांना कुमक मिळत राहिली. १६३३ मध्ये दौलताबादचा शेवट जवळ आला, तेव्हाचा प्रसंग पाहा. शहाजीराजे आणि विजापूरची फौज दौलताबादवर चालून येते आहे, ती घेण्याआधी तुम्हीच किल्ला घ्या, असे फत्तेखानाने मुघल सुभेदार महाबतखानाला लिहिले. महाबतखान निघाला. त्याचा मुलगा खानजमान पुढे आला. तेवढ्यात विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने फत्तेखानाला कळवले की किल्ला तुझ्याकडेच ठेवतो, तीन लाख हून देतो, धान्य पोचवतो. फत्तेखान उलटला. मुघलांनी चिडून वेढा घातला, तो जूनपर्यंत चालला. शहाजीराजे आणि रणदुल्लाखान बाहेरून रसद तोडत होते, छापे घालत होते. गडावर माणसे कातडी उकडून खाऊ लागली. फत्तेखानाने शेवटी साडेदहा लाख रुपये घेऊन १७ जून १६३३ रोजी किल्ला सोडला. त्याचा बालराजा हुसेन ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला.

दुसऱ्या वर्षी महाबतखान परांड्यावर हरला आणि त्याच वर्षी वारला. शहाजीराजांचा मूर्तझा निजामशहा अजून उभा होता. मुघल सुभ्यात सुभेदार बदलत होते, शाहजहान उत्तरेत बुंदेल्यांच्या बंडात गुंतला होता. असेच चालले असते तर काय झाले असते, हा प्रश्न पडतो. पण विजापुरात घडी विस्कटली.

खवासखानाचे शत्रू त्याच्या सत्तेला कंटाळले होते. तरुण सुलतानाच्या कानावर रोज एकच गोष्ट जात होती की खरा सुलतान खवासखान आहे, तुम्ही नावापुरते. विजापूरचा इतिहास सांगणारा ‘बसातीनुस्सलातीन’ हा ग्रंथ दोनशे वर्षांनंतरचा, तरी जुन्या दरबारी आठवणींवर आधारलेला. त्यात खवासखानानेच शेवटी स्वतःच्या बचावासाठी शाहजहानशी आतून संधान बांधल्याचे येते. आयुष्यभर ज्याने मुघलांना अडवले त्याच्यावर मुघलांना बोलावल्याचा ठपका! तो खरा होता की रचलेला, याचा निवाडा आज करता येणार नाही. ठपक्याने काम मात्र केले. १६३५ मध्ये खवासखान मारला गेला. मुरार जगदेवाला पकडून विजापुरात धिंड काढली आणि ठार केले. मुस्तफाखान बेळगावहून परत आला आणि सत्तेत बसला.

शहाजीराजांचे विजापुरातले दोन्ही आधार अशा रीतीने तुटले, तेही मुघल सैन्य दक्षिणेत उतरण्याआधी.

२१ फेब्रुवारी १६३६. शाहजहान दौलताबादला आला. सोबत सुमारे पन्नास हजारांची फौज, तीन-चार भागांत वाटलेली. खानदौरान, खानजमान, शायिस्ताखान आणि मागाहून सय्यद खानजहान. शायिस्ताखानाच्या वाट्याला संगमनेर, नाशिक आणि जुन्नर आले. सैन्य हलण्याबरोबरच वकीलही हलले. मकरमतखान विजापूरला गेला, अब्दुल लतीफ गोवळकोंड्याला. गोवळकोंड्याचा सुलतान लगेच वाकला. खुतब्यात बादशहाचे नाव आले आणि वर्षाला दोन लाख हून देण्याचे ठरले.

विजापूरला पाठवलेल्या मागण्यांत पेशकश होती, किल्ले होते. पण बोलणीचा सगळा भार एका माणसावर ठेवलेला होता. बादशहाचे म्हणणे असे की निजामशाही संपलेली आहे, तिचा मुलूख माझा आहे, आणि शहाजी नावाचा माणूस एका पोराला पुढे करून तो बळकावून बसला आहे; तुम्ही त्याला पाठीशी घालू नका, त्याला आपल्या राज्यातून काढा. ‘बादशाहनामा’त शहाजीराजांचे नाव ‘साहू’ असे येते, आणि त्यांचा उल्लेख बंडखोर म्हणूनच होतो. मूर्तझा निजामशहाला राजा म्हणण्याचा तर प्रश्नच नाही.

यातली चाल नीट समजून घेण्यासारखी आहे. दोन सत्तांमध्ये युद्ध असेल तर तहाला दोन्ही पक्ष बसतात. शहाजीराजांना पक्ष मानले तर मूर्तझाला राजा मानावे लागले असते, निजामशाही जिवंत आहे हे कबूल करावे लागले असते. बंडखोर ठरवले की बोलणी उरतात फक्त त्याच्या बंदोबस्ताची. शिवाय विजापूरला सुटकेची वाट मिळते. आम्ही बादशहाशी लढत नव्हतो, त्या बंडखोरामुळे गैरसमज झाला, असे म्हणून मान राखून मागे येता येते. मुस्तफाखानाच्या गटाला असेच काहीतरी हवे होते.

तरी विजापूर एकदम वाकले नाही. महंमद आदिलशहाने वकिलाचे स्वागत केले, मधल्या काळात तयारी चालवली. शाहजहानने तीन बाजूंनी मुलूख जाळायला सैन्य सोडले. विजापूरकरांनी राजधानीजवळच्या शहापूरचा तलाव फोडला, राजधानीभोवतालचे धान्य आणि पाणी नाहीसे केले. मुघलांना शहराला वेढा घालता आला नाही. पण गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. दोन्ही बाजू थकल्या, आणि मे १६३६ मध्ये तह झाला. बादशहाने आपल्या पंजाचा ठसा उमटवून तो पक्का केला.

तहाची मुख्य कलमे अशी. आदिलशहाने बादशहाचे वर्चस्व मानावे आणि वीस लाख रुपये पेशकश द्यावी. निजामशाही संपली. तिच्यातला सोलापूर-परांड्याकडचा भाग, पुणे, चाकण आणि कोकण असे पन्नास परगणे, वर्षाला वीस लाख हुनांच्या उत्पन्नाचे, विजापूरला मिळावे, बाकी मुघलांचे. गोवळकोंड्याला त्रास देऊ नये. एकमेकांचे सरदार फितवू नयेत. आणि शहाजी भोसले याने जुन्नर, त्र्यंबक व इतर किल्ले बादशहाच्या हवाली केल्याशिवाय विजापूरने त्याला चाकरीत घेऊ नये. त्याने नाकारले तर त्याला राज्यात थारा देऊ नये, पाऊलही ठेवू देऊ नये.

शेवटची दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. सरदार फितवण्याचा उद्योग दहा वर्षे दोन्हीकडून चालला होता. फत्तेखान त्याचाच नमुना. तो दोन्ही राजांनी आपापसांत बंद केला. मग शहाजीराजांना जायला वाटच उरली नाही. मुघलांकडून सुटले तर विजापूर, विजापूरकडून सुटले तर मुघल, अशी वाट दक्षिणेतल्या प्रत्येक सरदाराला पिढ्यान्‌पिढ्या खुली होती. १६३६ च्या उन्हाळ्यात ती एका माणसापुरती दोन्ही टोकांनी बुजवली.

आणि तरीही त्यांनी किल्ले दिले नाहीत. शाहजहान जुलैत परत फिरला, सतरा वर्षांचा औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार झाला, आणि शहाजीराजांच्या मागे खानजमान निघाला. महाबतखानाचा हाच मुलगा तीन वर्षांपूर्वी दौलताबादला त्यांच्याशी झुंजला होता. त्याने जुन्नरच्या किल्ल्याला वेढा घालायला माणसे ठेवली आणि स्वतः पुण्याच्या रोखाने गेला. पावसाळा होता. घोडनदी, इंद्रायणी फुगलेल्या. मुघल सैन्य पाण्याने अडून पडत होते आणि शहाजीराजे पुढे सरकत होते. पुण्याच्या आसपासहून घाट उतरून ते कोकणात गेले. त्यांनी किनाऱ्यावरच्या फिरंग्यांकडे आसरा मागितला. पोर्तुगिजांनी बादशहाच्या भीतीने नकार दिला. शेवटी ते शहापूरजवळच्या माहुलीवर चढले. सोबत मूर्तझा होता.

माहुलीच्या वेढ्यात त्यांच्यासमोर मुघलांबरोबर कोण होते? रणदुल्लाखान. दौलताबादला ज्याच्या खांद्याला खांदा लावून ते लढले होते तो. नव्या तहाने त्याला मुघलांच्या मदतीला पाठवले होते. या एका गोष्टीत त्या तहाचे सगळे यश दिसते. कुठल्याही मोठ्या लढाईवाचून शहाजीराजांचा मित्र त्यांच्या वेढ्यात आणून बसवला होता.

वेढा आवळत गेला तेव्हा शहाजीराजांनी खानजमानला पुन्हा पुन्हा लिहिले की मला बादशाही चाकरीत घ्या. लाहोरीने नोंदवलेले उत्तर असे की जीव वाचवायचा असेल तर आदिलशहाशी जमवून घ्या, बादशहाचा हुकूम तोच आहे. मुघलांना ते नको होते याचे कारण उघड आहे. मनसबदार केले तर जहागीर द्यावी लागते, आणि जुन्नरच्या डोंगरांत ज्याच्या शब्दावर किल्लेदार दारे उघडतात असा माणूस तिथेच राहतो. त्याला दूर घालवायचे होते, आणि ते काम विजापूरच्या अंगावर टाकले गेले.

१६३६ च्या अखेरीस शहाजीराजांनी मूर्तझाला स्वाधीन केले. जुन्नर, त्र्यंबक, त्रिंगलवाडी, हरिश्चंद्रगड, जीवधन, हडसर मुघलांना मिळाले. जीवधनच्या कोठडीतून निघून पेमगिरीच्या तख्तावर बसलेला तो मुलगा आता औरंगजेबाकरवी बादशहापुढे गेला आणि तिथून ग्वाल्हेरच्या तुरुंगात. हुसेन आधीपासून तिथेच होता. एकाच घराण्याची दोन पोरे, एकमेकांविरुद्ध उभी केलेली, एकाच किल्ल्यात संपली. त्यांच्या तोंडचा एक शब्दही कुठल्या तवारिखेत सापडत नाही.

शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. पुणे-सुप्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली, पण त्यांना स्वतःला रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकात पाठवण्यात आले. १६३८ मध्ये बंगळूर त्यांच्या ताब्यात आले आणि पुढचे आयुष्य बहुतेक तिकडेच गेले.

तहाने विजापूरला काय मिळाले, हे पाहताना घाईने निकाल देऊ नये. पुढची वीस वर्षे उत्तरेच्या सरहद्दीवर शांतता होती, आणि विजापूर व गोवळकोंडा दोघांनीही ती वापरून दक्षिणेत प्रचंड मुलूख जिंकला. मुस्तफाखान म्हणत होता ते तेवढ्यापुरते खरे ठरले. पण मुघल आणि विजापूर यांच्या मध्ये जे कुंपण होते ते विजापूरनेच मुघलांच्या मदतीने उपटून टाकले होते. १६५७ मध्ये औरंगजेब बिदर आणि कल्याणी घेत विजापूरच्या मुलखात शिरला, तेव्हा पंजाच्या ठशाचे तेज उरले नव्हते, आणि मध्ये आडवा येणारा निजामशहाही नव्हता.

मढ-जुन्नरच्या माणसांच्या दृष्टीने फरक आणखी साधा होता. तहाने सरहद्द बदलली. जुन्नर, शिवनेरी आणि हरिश्चंद्रगड मुघलांकडे; चाकण आणि पुणे विजापूरकडे. शिवाजीराजे सहा वर्षांचे होते. ज्या गडावर त्यांचा जन्म झाला तो एका राज्यात गेला आणि ज्या मुलखात ते वाढले तो दुसऱ्या. विजापूरचे लक्ष कर्नाटकात गुंतलेले, पुण्याचे जहागीरदार बंगळुरात, मुघलांशी शांतता. अशा निवांत कोपऱ्यात मावळात काय उगवते आहे, इकडे दोन्ही दरबारांतल्या कुणी पाहिले नाही.

औरंगजेब विजापूरवर गेला त्याच १६५७ च्या उन्हाळ्यात शिवाजीराजांची माणसे एका रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहराच्या तटावरून आत उतरली. पहारेकरी कापले गेले. तीन लाख हून रोकड, दोनशे घोडे आणि जडजवाहीर घेऊन सकाळच्या आत ती निघूनही गेली. वर शिवनेरीवर मुघलांची शिबंदी जागी झाली असेल. तो गड शिवाजीराजांना हयातीत कधीच घेता आला नाही.